बावीस सेकंदांत सत्तेचाळीस

बाई, परवा दुपारी मी गवार निवडत बसले होते आणि शेजारी ठेवलेल्या माझ्या मोबाईलवर एकदम लालभडक पाटी आली. तुमच्या फोनमध्ये तेरा व्हायरस सापडले आहेत, ताबडतोब इथे दाबा. खाली घड्याळ उलटं धावत होतं, जणू आता घरच उडणार. मी शेंग हातात धरून त्या पाटीकडे बघितलं आणि मला हसूच फुटलं. सून आतून म्हणाली, "काय झालं आई?" मी म्हटलं, "काही नाही गं, जुनी ओळखीची भेटली." पाटी बंद केली, शिरा काढत बसले, पण हात चालले तरी मन काही गवारीत राहिलं नाही. तुम्हाला हा मोबाईल ठाऊक नाही. मोबाईल असे भाजीवालीच्याही हातात येण्याआधीच तुम्ही गेलात. पण ती पाटी तुम्ही ओळखली असतीत. तिची थोरली बहीण तुम्हीच तर पकडली होती, माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत.

त्याआधी तुम्ही मला पकडलं होतंत. त्र्याऐंशी साल असेल. नवीन लग्न होऊन मी डोंबिवलीत आलेले, मॅट्रिकच्या पुढे गाडी गेली नव्हती, आणि आमचे हे वागळे इस्टेटमधल्या कंपनीत पाळीवर गेले की दिवसभर भिंतींशी बोलायचं. म्हणून पिठाच्या गिरणीच्या माडीवर तुमच्या टायपिंग क्लासला नाव घातलं. खाली जातं फिरायचं आणि वर आमची बारा यंत्रं आपोआप थरथरायची. संध्याकाळी निघताना केसांवर पीठ, बोटांना शाई, अशा अवतारात आम्ही घरी जायचो. तुमच्या गळ्यात काळ्या दोरीला ते स्टॉपवॉच, हातात लाकडी फूटपट्टी, आणि नजर अशी की न बघताही बघायची. माझ्या शेजारी मिनिटाला चाळीस शब्दांच्या परीक्षेला बसलेली मुलगी होती. तिचं यंत्र लाह्या फुटाव्यात तसं वाजायचं आणि माझं गळक्या नळासारखं, टप... टप. मला लाज वाटायची. मग मी अक्कल चालवली. एक शब्द मारायचा आणि मग अंतर सोडायची लांब पट्टी पाच-सहा वेळा बडवायची. आवाज काय सुरेख यायला लागला! दोन दिवस मी स्वतःवरच खूश होते. तिसऱ्या दिवशी तुम्ही खोलीच्या दुसऱ्या टोकाहून चालत आलात आणि म्हणालात, "आवाज झकास येतोय गं. कागद दाखव." कागदावर ओळीला तीन शब्द आणि मध्ये ओसाड माळरान. तुम्ही तो कागद सगळ्या क्लाससमोर धरलात. "ही मजकुराची ओळ आहे की एसटीचे थांबे?" मुली खिदळल्या. मला वाटलं जमीन दुभंगावी आणि मी सरळ गिरणीच्या पिपात जाऊन पडावं. मग तुम्ही वाकून, फक्त मला ऐकू येईल असं म्हणालात, "जो खरं वाचतो त्याला मोठ्या मजकुराला जास्त वेळ लागतो, छोट्याला कमी. वाचतच नाही त्याला सगळं सारखंच." मी मान हलवली. समजलं काहीच नव्हतं, पण त्या वेळी मान हलवणंच बरं होतं.

पुढे मी चाळीसची परीक्षा दिली, पास झाले, आणि नव्वदीच्या दशकात हप्त्याहप्त्याने का होईना, आमच्या घरी संगणक आला. त्याला मी क्रोशाचं झाकण विणलं होतं. त्याच्या खोलीत चप्पल चालायची नाही आणि फोडणीचा धूर जायला नको म्हणून स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायचं. शिकवायला कोणी नव्हतं. एक जाडजूड पुस्तक आणलं, त्याला खाकी कव्हर घातलं आणि दुपारच्या निजेवर पाणी सोडून एकेक पान पाठ केलं. लग्नपत्रिका, बायोडेटा, सोसायटीच्या नोटिसा असं काम मिळायला लागलं. मजकूर फ्लॉपीवर उतरवायचा आणि ठाण्याला टेंभी नाक्याजवळच्या छापखान्यात नेऊन द्यायचा. तुमचा क्लास तोवर बंद झाला होता. मुली संगणकाच्या क्लासला पळाल्या, तुम्ही यंत्रं विकलीत आणि कल्याणला बहिणीकडे राहायला गेलात. तिथून एक दिवस माझ्याकडे आलात ते कापडी पिशवीत बाड घेऊन. वीस वर्षांत स्वतः रचलेले सराव-पाठ, बहात्तर, कार्बनच्या पुसट प्रती, कुठे वाळवी लागलेली, कुठे डिंकाने चिकटवलेलं. "याचं पुस्तक करायचंय," तुम्ही म्हणालात. "डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय. मला वाचता येतंय तोवर झालं तर बरं."

चार महिने लागले मला. शेवटचा पाठ झाला तेव्हा तुम्ही संगणकाकडे बोट दाखवून विचारलंत, "सगळं गेलं ना आत?" मी म्हटलं, "गेलं." आणि पुढच्या आठवड्यात तुम्ही ते बाड रद्दीवाल्याला देऊन मोकळ्या झालात. मला कळलं तोवर फ्लॉपीवर मी चाळिसाव्या पाठापर्यंतच प्रत काढली होती. उरलेल्यांची उद्या काढू, परवा काढू, असं चाललेलं. म्हणजे पुढचे बत्तीस पाठ अख्ख्या जगात एकाच ठिकाणी होते, माझ्या क्रोशाच्या झाकणाखाली.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात आमचे भावजी व्हायरस मारायचं औषध घेऊन आले. ह्यांचे धाकटे भाऊ, तुम्हाला आठवतील. मनाने सोनं, पण घरात कुणाचं काही बिघडलेलं त्यांना पाहवत नसे, आणि बिघडलेलं नसेल तर ते बिघडेपर्यंत थांबवत नसे. त्यांच्या ऑफिसात कुणीतरी फ्लॉपी वाटली होती, फुकट. "वहिनी, इतकं नाजूक काम करता आणि संरक्षण काहीच नाही? घाला हे." घातलं. बुधवार होता. संगणक सुरू केला की आधी पडदा लाल व्हायचा, मग रुग्णवाहिकेसारखा आवाज, मग फाइलींची नावं सरसर वरून खाली पळायची आणि शेवटी मोठ्या अक्षरात यायचं, सत्तेचाळीस व्हायरस सापडले. खाली दोन वाटा. एक तर अमुक पत्त्यावर मनीऑर्डर पाठवून पूर्ण औषध मागवा, नाही तर हे बटण दाबून फाइल साफ करा. भावजींनी हात जोडले. "वहिनी, बघितलंत? मी वेळेवर आलो."

मी हवालदिल झाले. शेजारी म्हणाले, इंजिनीयरला दाखवा. आमचे हे म्हणाले, "आधी त्याला जरा विश्रांती दे, चार महिने राबवलंयस." आणि मी काय केलं असेल? छापखान्याला फोन करून सांगितलं की माझ्या यंत्रात व्हायरस निघाले आहेत, सत्तेचाळीस. आपल्याकडे कांजिण्या निघाल्या की आपणच शेजारी निरोप पाठवतो ना, मुलांना आमच्याकडे पाठवू नका म्हणून, तशीच मी प्रामाणिकपणे बोलून गेले. छापखान्याचे मालक घाईघाईने म्हणाले, "मग ताई, तुमची फ्लॉपी आमच्या दारात नको. सोमवारपर्यंत साफ करून आणता आली तर बघू, नाहीतर पुढची तारीख पावसाळ्यानंतर." पावसाळ्यानंतर तुमच्या डोळ्यांचं काय झालं असतं, कोण जाणे. भीतीपोटी मी नवी फ्लॉपीसुद्धा आत घालेना. तिलाही लागण झाली म्हणजे? शनिवारी भावजी आले, त्यांनी ती लाल पाटी नीट वाचून सांगितलं की साफ करणं म्हणजे फाइल पुसूनच टाकणं. मग एवढ्या व्हायरसांवर एकच उपाय, म्हणाले, अख्खा संगणकच पुसून कोरा करायचा. उद्या सकाळी येतो आणि करून टाकतो. मी विचारलं, "आणि बाईंचे पाठ?" ते अर्धा चहा सोडून उठले. भावजींनी चहा सोडला म्हणजे प्रकरण गंभीर.

मी तुम्हाला फोन केला. सत्तेचाळीसचा आकडा सांगितला, उद्या सगळं पुसायचं ठरलंय ते सांगितलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "पुसायच्या आधी मला त्याचं तोंड दाखव." रविवारी सकाळी पोह्यांचं तेल तापतंय तोवर तुम्ही दारात. गळ्यात स्टॉपवॉच होतंच. क्लास बंद झाला तरी ते उतरलं नव्हतं. दूध किती वेळात उतू जातं इथपासून डॉक्टर किती वेळ तपासतो इथपर्यंत तुम्ही सगळं मोजत होतात. भावजी आधीच येऊन बसले होते, बाह्या सरसावून.

तुम्ही खुर्ची ओढलीत, पडद्याला नाक लावलंत आणि म्हणालात, "हं, लाव." मी संगणक सुरू केला. लाल पडदा, भोंगा, नावांची पळापळ. तुमचा अंगठा स्टॉपवॉचवर. सत्तेचाळीस.

"बावीस सेकंद," तुम्ही म्हणालात. "सगळं वाचून झालं याचं?"

"सगळं," भावजी म्हणाले. "चार हजार फाइली."

"बावीस सेकंदांत?"

"संगणक आहे बाई तो. माणूस नाही."

"असू दे. आता याला काहीतरी छोटं वाचायला द्या."

भावजींनी माझी एक जुनी फ्लॉपी घातली, तिच्यावर एकच लग्नपत्रिका. पुन्हा भोंगा, पुन्हा पळापळ. बावीस सेकंद. सत्तेचाळीस. भावजी म्हणाले, "बघा, पत्रिकेतही आहेत." तुम्ही म्हणालात, "एका पत्रिकेत सत्तेचाळीस? वऱ्हाडच निघालं म्हणायचं." मी तोंडात पदर कोंबला. मग तुम्ही कपाटावरच्या खोक्याकडे बोट केलंत. "ती कोरी आहे ना? प्लास्टिकसुद्धा निघालेलं नाही. ती घाला." मी जिवावर उदार होऊन प्लास्टिक फोडलं. बावीस सेकंद. सत्तेचाळीस. भावजींच्या कपाळाला घाम. "कंपनीतूनच आले असतील," ते म्हणाले. तुम्ही शांतपणे हात पुढे केलात, फ्लॉपी बाहेर काढलीत आणि मांडीवर ठेवलीत. "आता काहीच न घालता तीच तपासायला सांगा."

खोलीत आता फक्त पोहे करपल्याचा वास होता. मी विसरूनच गेले होते. पण कुणी उठेना. रिकाम्या खाचेत काहीच नव्हतं, आणि पडद्यावर फ्लॉपीतल्या फाइलींची नावं ऐटीत पळत होती. तुम्ही पडदा बघतच नव्हतात. तुमचा डोळा त्या खाचेजवळच्या बारक्या हिरव्या दिव्यावर होता. "लागला का गं तो?" तुम्ही विचारलंत. "तुझं काम बघायला मी यायचे तेव्हा फ्लॉपी वाचताना तो लागायचा, कुरकुर आवाजही यायचा." मी बघितलं. दिवा मेलेला. मघाशी कोऱ्या फ्लॉपीलाही लागला नव्हता, आता आठवलं. आणि पडद्यावर, सत्तेचाळीस.

"काय हो तज्ज्ञ," तुम्ही भावजींकडे वळलात, "मोठ्याला बावीस, छोट्याला बावीस, कोऱ्याला बावीस, नसलेल्याला बावीस. हा वाचत नाहीये. हा नुसता आवाज करतोय." आणि मग माझ्याकडे बघून, चष्म्यावरून, "ही तुझ्या पहिल्या महिन्याची मैत्रीण दिसते. कागद दाखव म्हटलं की कागद नाही."

भावजींना मी त्या दिवशी मानलं बरं का. माणूस लाजला, पण पळाला नाही. म्हणाले, "घाण मी आणली, मीच काढतो." पण तुम्ही त्यांना हात लावू दिला नाहीत. "ते सांगतील, तू टाईप कर. तुझं यंत्र आहे." संगणकासोबत आलेली मूळ फ्लॉपी होती, तिच्या कोपऱ्यातली खिट्टी सरकवली म्हणजे तिच्यावर कुणाला काही लिहिता येत नाही. तिच्यावरून यंत्र सुरू केलं, तेव्हा भोंगा वाजलाच नाही. ती शांतता मला आरतीनंतरच्या शांततेसारखी वाटली. पहिल्या झटक्यात तुमचे पाठ दोन नव्या फ्लॉप्यांवर उतरवले. हिरवा दिवा लागला, कुरकुर झाली, तुम्ही मान डोलावलीत. मग भावजींनी ती यादी उघडायला सांगितली, संगणक सकाळी उठला की आधी वाचतो ती. आपल्या नेहमीच्या ओळींमध्ये ती भवानी बसली होती, एका ओळीत. ओळ पुसली. ती राहायची तो खण, म्हणजे फोल्डर, पुसला. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं आणि... लाल पडदा! भोंगा! सत्तेचाळीस!

"ही नणंदेसारखी आहे," मी म्हणाले, "निरोप दिला तरी जात नाही." भावजींना हसावं की रागवावं कळेना, कारण माझी नणंद म्हणजे त्यांची सख्खी बहीण. पण त्यांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, अशी आणखी एक यादी असते, तिच्याही आधी वाचली जाते. ती उघडली. तिथे दुसरी ओळ, आणि भलत्याच नावाच्या दुसऱ्या खणात तिची जुळी बहीण. दोन्ही पुसल्या. बंद, सुरू. काळा पडदा, पांढरा ठिपका मुकाट लुकलुकतोय. तुम्ही स्टॉपवॉच थांबवलंत. ते कशासाठी चालू होतं, मला अजून माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी आपण दोघी टेंभी नाक्याला गेलो. छापखान्याच्या मालकांकडे खरं, विकत घेतलेलं तपासणीचं सॉफ्टवेअर होतं. त्यांनी आपली फ्लॉपी चिमटीत धरून, मेलेलं झुरळ धरावं तशी, आत घातली. दिवा लागला. कुरकुर, खरखर, थांबणं, पुन्हा खरखर. मालकांनी चहा सांगितला, चहा आला, संपला. तुम्ही घड्याळ बघून खूश. "हा वाचतोय," माझ्या कानात म्हणालात. शेवटी निकाल आला, काहीही सापडलं नाही. मग तुम्ही त्यांना सांगितलंत की कोरी फ्लॉपी घाला, आणि ती क्षणात झाली. मालक म्हणाले, "हे कशाला, बाई?" तुम्ही म्हणालात, "परीक्षा दोन्हीकडून घ्यावी." पावसाच्या आत पुस्तक निघालं. तुम्ही ते वाचलंत, भिंग लावून का होईना, पण स्वतः वाचलंत. क्लासवाल्यांनी घेतलं. कल्याणच्या एका क्लासमध्ये मी नंतर गेले होते, तर पोरी त्यातलेच पाठ बडवत होत्या.

हे सगळं तुम्हाला माहीत आहे. माहीत नाही ते आता लिहिते. लिहून झालं की कागदाची घडी करून कपड्यांच्या कपाटात ठेवेन, टाकायला पेटी कुठली?

साफ करणं म्हणजे पुसणं, हे भावजींनी शनिवारी सांगितलं. मी ते बटण शुक्रवारी दाबलं होतं. साफ करा असं लिहिलं होतं, बाई. मला वाटलं, भांडं घासतात तसं घासून परत ठेवत असेल. एकाच पाठावर दाबून बघितलं, एकसष्टाव्या. तो गेला तो गेलाच. मी भावजींना सांगितलं नाही, ह्यांना नाही, आणि तुम्ही चष्म्यावरून बघत होतात तेव्हा तुम्हाला तर नाहीच नाही. टाईप मीच केला होता, पण टाईप करताना मी तो वाचला कुठे होता? बोटांतून गेला आणि गेला. सरकारी खात्याचं कसलंसं पत्र होतं, एवढंच आठवत होतं. रविवारी तुम्ही कल्याणला परत गेलात आणि मी बसून नवा एकसष्टावा लिहिला. ऑफिसच्या भाषेत मला दोन ओळींच्या पुढे जाता येईना. म्हणून माझ्या ओळखीचं लिहिलं, भांड्यांच्या दुकानदाराला तक्रारीचं पत्र. महोदय, आपल्या दुकानातून नेलेला कुकर शिटी देत नाही. त्यामुळे आमचा भात झाला की नाही हे शेजारणींना कळत नाही, आणि मला तर करपल्यावरच कळतं. तरी एक तर शिटी द्यावी, नाही तर येऊन भात खावा.

कच्ची छपाई तपासताना तुम्ही त्या पानावर थांबलात. भिंग पुढे-मागे केलंत. तुमच्या एकाहत्तर पाठांत कुणी कधी जेवत नव्हतं, सगळे नुसते अर्ज करत होते. "हा कधीचा गं?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "जुनाच असेल, बाई. कागदाचा वरचा भाग, तारखेचा, वाळवीने खाल्लेला होता." तुम्ही पुन्हा वाचलंत आणि हसायला लागलात, इतक्या की भिंग खाली ठेवावं लागलं. डोळे पुसत म्हणालात, "बरी लिहीत होते की मी त्या वेळी!" आणि पानाच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने बरोबरची खूण केलीत.

मी तुमच्याकडे नजर वर केली नाही. तुम्ही मला उभ्या जन्मात एकदाही शाबासकी दिली नव्हतीत, बाई. दिलीत ती ही एकच, आणि तीही स्वतःला. मी गप्प बसून ती घेतली. अजून माझ्याकडेच आहे.